बॅग कुठे ठेवू? : अमानती सामान घराची गोष्ट

मागच्या महिन्यात कराडहून मामा आले होते. निवृत्तिवेतनाच्या फायलीत एक कागद अडकला होता, त्यासाठी मंत्रालयात चक्कर. माझं घर पडलं विरारला. सकाळच्या लोकलमध्ये मामांना घालायची माझी हिंमत नव्हती, म्हणून आदल्या रात्री ते सीएसएमटीजवळच्या एका लॉजवर उतरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला फोन.

"अरे, खोली सोडली बघ. महालक्ष्मी रात्रीची आहे. बॅग तेवढी संध्याकाळपर्यंत ठेवून घ्या म्हटलं, तर हा पोरगा नाही म्हणतोय."

"मामा, मॅनेजरशी बोला ना."

"बोललो. चांगलाच बोलला बिचारा. म्हणाला, काका, खोलीत होता तोवर तुम्ही गिऱ्हाईक. आता बॅगेत काय आहे मला काय माहीत? उद्या काही झालं तर पोलीस मला विचारणार."

बॅगेत काय होतं? दोन जोडी कपडे, रक्तदाबाच्या गोळ्या, टॉवेल, आणि मामींनी मुंबईहून आणायला सांगितलेल्या दोन वस्तू. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस. आदल्या रात्री त्याच काउंटरवर आधार कार्डाची झेरॉक्स दिलेली, पैसे आगाऊ भरलेले. पण घड्याळात बारा वाजले आणि मामांची बॅग संशयित झाली.

मॅनेजरचा मला राग आला नाही. त्याचीही अडचण खरी आहे. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. परगावी आलेल्या माणसाचं ओझं चार तास सांभाळायचं ही जबाबदारी कोणाची? आपल्याकडे हे आधी कोण करत होतं, कोणासाठी करत होतं, आणि कोणाला दारातून परत पाठवत होतं? जरा शोधत गेलो तर बराच मोठा इतिहास निघाला. वेळ असेल तर वाचा.

*

सुरुवात शब्दापासून करू. रेल्वे स्थानकावर क्लोकरूमच्या पाटीवर हिंदीत लिहिलेलं असतं "अमानती सामान घर". अमानत हा मूळ अरबी शब्द. विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू, जी तशीच्या तशी परत मिळायची आहे. हाच शब्द मराठीत आला आणि अक्षरांची अदलाबदल होऊन "अनामत" झाला. निवडणुकीत उमेदवाराची जप्त होते ती अनामत हीच. म्हणजे स्टेशनवरची ती पाटी आपल्याला वाटते तेवढी परकी नाही.

ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. मनुस्मृतीत भांडणाचे, म्हणजे खटल्यांचे अठरा प्रकार सांगितले आहेत. पहिला कर्जाचा आणि लगेच दुसरा निक्षेपाचा, म्हणजे ठेवायला दिलेल्या वस्तूचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात यावर वेगळं प्रकरण आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत तर उपनिधी नावाचा खास प्रकार आहे. पेटीत किंवा गाठोड्यात घालून, बंद करून, आत काय आहे ते न सांगता दुसऱ्याकडे सोपवलेली वस्तू. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, तिच्यात या दोन्हींतला फरक सांगितला आहे. मोजून, दाखवून दिलेला तो निक्षेप. बंद पेटीत दिलेला तो उपनिधी.

थोडक्यात, "बॅगेत काय आहे मला काय माहीत" हा त्या मॅनेजरचा प्रश्न निदान दीड हजार वर्षांचा आहे. आणि त्या काळच्या शास्त्रकारांनी त्यावर "मग ठेवूच नका" असं उत्तर दिलेलं नाही. त्यांनी नियम केले. ठेव मागताच परत द्यायची. वापरली तर दंड. राजाने नेली, पुरात गेली किंवा चोरांनी पळवली तर ठेवणाऱ्याची चूक नाही.

मृच्छकटिक आठवा. देवलांच्या संगीत नाटकामुळे ही गोष्ट मराठी घराघरात पोचली. वसंतसेना आपले दागिने चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवते. रात्री शर्विलक भिंतीला भोक पाडून ते चोरतो. शास्त्राप्रमाणे चारुदत्त मोकळा, कारण माल चोरांनी नेलेला. पण तो हादरतो ते वेगळ्याच कारणाने. मी गरीब आहे, चोरी झाली हे खरं कोण मानणार? त्याची बायको मग आपला रत्नहार काढून देते. कायदा बाजूने असूनही गरिबाचा शब्द चालत नाही, ही खंत एवढ्या जुन्या नाटकात आहे.

*

आता मुंबईवर येऊ. या शहरात सामान ठेवायची सोय दीडशे वर्षं होती. फक्त ती ओळखीवर होती.

धोबीतलावच्या बाजूला गोव्याच्या लोकांच्या "कुडी" होत्या, काही अजून आहेत. कोकणीत कूड म्हणजे खोली. एकेका गावाची एकेक कूड. जहाजावर काम करणारे गोंयकार मुंबईत यायचे, बोट मिळेपर्यंत कुडीत राहायचे आणि बोट मिळाली की निघायचे. जाताना आपली पेटी तिथेच ठेवायची. भिंतीला लागून ओळीने ट्रंका, प्रत्येकीला कुलूप. समोर देव्हारा, संध्याकाळी तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना. माणूस महिनोन्महिने समुद्रावर आणि त्याचा सगळा संसार त्या पेटीत. पेटीला कोणी हात लावत नसे, कारण सगळे एकाच गावचे. चोरी केली तर गोव्यात आईबापांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

गिरणगावातही हेच. लालबाग-परळच्या चाळींमध्ये गावाच्या खोल्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, जिथून माणसं आली तिथली नावं. एका खोलीत वीस-पंचवीस जण. पाळीप्रमाणे झोपायचं, जेवण खानावळवालीकडे. माणसाला अंग टाकायला हक्काची जागा नव्हती, पण ट्रंकेला होती. आमच्याच घराण्यातल्या एका आजोबांची पत्र्याची ट्रंक अजून गावी माळ्यावर आहे. झाकणावर आतून पांढऱ्या रंगात नाव, गाव, तालुका. पत्ता असा लिहायचा कारण माणूस हरवला तरी ट्रंक गावी पोचावी.

तिसरी सोय धर्मशाळा. सी. पी. टँकजवळचा हिराबाग, भुलेश्वरचं माधवबाग ही नावं जुन्या मुंबईकरांना पाठ. व्यापाऱ्यांनी पैसे घातले, यात्रेकरूंना आसरा मिळाला. मराठी माणसांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे उतरत आणि 1 ऑगस्ट 1920 ला त्यांनी देह ठेवला तोही तिथेच.

हे सगळं वाचताना जुन्या दिवसांचा उमाळा येतो. मलाही येतो. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. कुडीत पेटी ठेवायला त्या गावचं असावं लागे. गोव्यातल्या काही गावांच्या तर जातीप्रमाणे वेगवेगळ्या कुडी होत्या. गावाच्या खोलीत गावकीबाहेरच्याला जागा मिळणं कठीण. आणि धर्मशाळेच्या दारात पहिला प्रश्न असायचा, "कोण तुम्ही?"

नाव विचारण्यासाठी तो प्रश्न नसायचा.

*

या प्रश्नाची सगळ्यांत मोठी किंमत कोणी मोजली, ते आपल्याला माहीत आहे. तरी पुन्हा सांगतो, कारण आजच्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे.

1917 साल. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीला रुजू व्हायला गेले. करार होता, शिष्यवृत्ती संस्थानची होती. पण बडोद्यात उतरायचं कुठे? हिंदू हॉटेलात जात सांगितली तर प्रवेश नाही. शेवटी एका पारशी सराईत पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी लोक जिन्यावरून वर आले. तू कोण, ही जागा बाटवलीस, संध्याकाळपर्यंत चालता हो. दोन ओळखीच्यांकडे, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, आसरा मागून पाहिला. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या.

मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले पाच तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत, आजच्या सयाजीबागेत, बसून काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तिथे त्यांना आईवडील आठवले आणि डोळ्यांत पाणी आलं. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

खोली सुटली आहे, गाडी रात्रीची आहे, आणि मधल्या वेळात शहरात जायला एकही दार नाही. त्या पाच तासांची बरोबरी मामांच्या दुपारशी मी करत नाहीये. मामांना कोणी काठी दाखवली नाही, त्यांना फक्त गैरसोय झाली. पण शहरात आलेल्या माणसाला उतरायला आणि ओझं ठेवायला जागा देताना "तू कोण" हे विचारायचं का, हा प्रश्न किती खोल जातो, हे बडोद्याच्या त्या दुपारीइतकं दुसरं काहीच दाखवत नाही.

याच्यावर आपल्या मातीतून एक उत्तर निघालं ते गाडगेबाबांचं. पंढरपूरला वारीसाठी येणाऱ्या दलितांना धर्मशाळांमध्ये जागा नव्हती. साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 साली विठ्ठलाचं मंदिर त्यांना खुलं झालं. त्याच्या कितीतरी आधी गाडगेबाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली होती. स्वतः हातात खराटा, अंगावर चिंध्या, आणि लोकांकडून मिळालेल्या पैशांतून धर्मशाळा. नाशिक, देहू, आळंदी. पुढे ती पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात उपचाराला येणाऱ्यांना आसरा देते. गावाहून आलेलं अख्खं कुटुंब, एक गाठोडं, एक फाईल. तिथे रहायला मिळतं ते आजारावर. जातीवर मिळत नाही.

*

दुसरं उत्तर आलं परदेशी लोकांकडून, आणि तेही धंद्यासाठी. रेल्वे.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. त्याच बोरीबंदरला पुढे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने आजची इमारत उभी केली. दहा वर्षं बांधकाम चाललं, 1888 साली पूर्ण झालं. रेल्वेबरोबर इंग्लंडातल्या स्थानकांची पद्धत इकडे आली, तिच्यात क्लोकरूमही आली. क्लोक म्हणजे अंगावरचा झगा. बाहेरून आलेल्याने तो काढून ठेवायचा ती खोली, पुढे तिच्यात सामानही ठेवू लागले. गंमत म्हणजे इंग्लंडच्या स्थानकांवर हा शब्द मागे पडून "मागे ठेवलेलं सामान" अशा अर्थाची पाटी आली. आपल्याकडे झगा कोणी घातला नाही, पण क्लोकरूम टिकली.

रेल्वे काही समतेची देवी नव्हती. पहिला वर्ग, तिसरा वर्ग होताच. फलाटावर "हिंदू पाणी" आणि "मुसलमान पाणी" असे वेगळे घडे होते. पण क्लोकरूमच्या खिडकीवर एक नवीन गोष्ट घडत होती. तिथे तुमचा गाव, तुमची जात, तुमच्या गावचा मुंबईतला माणूस यांतलं काही चालत नव्हतं आणि लागतही नव्हतं. तिकीट दाखवा, पैसे भरा, पावती घ्या. संध्याकाळी पावती दाखवा, बॅग घ्या.

ही पावती मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यामुळे अनोळखी माणसाला अनोळखी माणसावर विश्वास ठेवता आला. चारुदत्ताची अडचणही तिने सोडवली. गरिबाचा शब्द आणि श्रीमंताचा शब्द असा प्रश्नच उरला नाही, कागदावर लिहिलंय ते खरं.

कायदाही याच वाटेने गेला. 1872 च्या भारतीय करार कायद्यात निक्षेपाचं पूर्ण प्रकरण आहे, कलम 148 पासून पुढे. कलम 151 म्हणतं, दुसऱ्याची वस्तू ठेवून घेतली की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यायची. पैसे घेतले असोत की फुकट ठेवली असो. आणि 1989 च्या रेल्वे कायद्याचं कलम 100 पाहा. सामान नोंदवून रेल्वेच्या माणसाने पावती दिली असेल तर रेल्वेची जबाबदारी. पावती नसेल, तुम्ही ते स्वतः बाळगत असाल, तर रेल्वेचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन तुम्हाला सिद्ध करावं लागतं. एका चिटोऱ्याने पुरावा देण्याचं ओझं इकडून तिकडे जातं.

*

मग बिघडलं कुठे? बिघडलं भीतीमुळे, आणि ती भीती खोटी नव्हती.

बंद पेटीचा धोका जगाने लवकरच पाहिला. 1934 साली इंग्लंडात ब्रायटन स्थानकाच्या सामानघरातून दुर्गंधी येऊ लागली. ट्रंक उघडली तर आत एका बाईचं धड. ती कोण होती हे शेवटपर्यंत कळलं नाही. 1939 च्या जुलैत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाच्या सामानघरात आयरिश क्रांतिकारकांनी ठेवलेला बॉम्ब फुटून एक जण मेला. 29 डिसेंबर 1975 ला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर नाणी टाकून उघडायच्या लॉकरमध्ये स्फोट झाला, 11 माणसं गेली. 2 ऑगस्ट 1980 ला इटलीत बोलोन्याच्या स्थानकावर प्रतीक्षालयात ठेवलेल्या सुटकेसने 85 जणांचा जीव घेतला.

आणि आपलं काय, ते सांगायला नको. 12 मार्च 1993. शहरभर स्फोट, 257 मृत्यू. त्या दिवशी तीन मोठ्या हॉटेलांमध्ये स्फोट झाले ते खोल्यांत सोडून दिलेल्या सुटकेसचे. खोली घेतली, बॅग ठेवली, माणूस निघून गेला. आज मामांना "बॅगेत काय आहे मला काय माहीत" म्हणणाऱ्या मॅनेजरचा जन्म कदाचित त्यानंतरचा असेल, पण त्याच्या वाक्यात तो दिवस आहे. मग 11 जुलै 2006 च्या लोकल. मग 26 नोव्हेंबर 2008. सीएसएमटीच्या लांब पल्ल्याच्या हॉलमध्ये गावी निघालेली माणसं आपापल्या बोचक्यांना टेकून बसली होती. त्या रात्रीच्या छायाचित्रांत रिकाम्या फरशीवर विखुरलेलं सामान दिसतं. ते पाहिलेला माणूस ते विसरू शकत नाही.

तेव्हापासून आपण सगळे त्या घोषणेवर वाढलो आहोत. बेवारस वस्तूला हात लावू नका. बेवारस. वारस नसलेली. मामांच्या बॅगेला वारस होता, तो समोर उभा होता, हातात आधार कार्ड होतं. तरी ती बेवारस ठरली.

भीतीवर दोन उपाय असतात. एक, दार बंद करायचं. दुसरा, तपासून आत घ्यायचं. लंडनने एवढे बॉम्ब सोसले, पण तिथल्या मोठ्या स्थानकांवर आज सामान ठेवता येतं. प्रत्येक बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते, एवढंच. जपानमध्ये तर बहुतेक मोठ्या स्थानकांवर लॉकरच्या भिंतीच्या भिंती आहेत. आपल्याकडेही रेल्वेने क्लोकरूम बंद केल्या नाहीत, आणि याबद्दल रेल्वेचं मनापासून कौतुक करायला हवं. बंद झाली ती बाकीच्या शहराची दारं.

*

आता सांगा, सामान ठेवायची गरज कोणाला असते? आपल्या डोळ्यांसमोर पर्यटक येतो. गळ्यात कॅमेरा, गेटवे बघायचं, वस्तुसंग्रहालय बघायचं. त्यालाही गरज आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण त्याचं हॉटेल चांगलं असतं. चांगल्या हॉटेलात खोली सोडल्यावरही बॅग ठेवून घेतात, हसून घेतात, बिल्ला देतात. परदेशी पाहुण्याला तर हे सांगावंही लागत नाही.

अडतो तो दुसराच. स्पर्धा परीक्षेला आदल्या दिवशी आलेला परभणीचा मुलगा, ज्याला केंद्रावर बॅग आत नेता येत नाही. मग ती शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवायची आणि तीन तास निम्मं लक्ष तिकडे. रुग्णालयात तपासणीला आलेली बाई, जिची गाडी रात्री अकराची आहे. व्हिसाच्या मुलाखतीला आलेला पोरगा. मंत्रालयात फाईल घेऊन आलेले मामा. यांची खोली बाराला सुटते आणि काम दुपारनंतर असतं.

मग शहर यांच्यासाठी काय करतं? पुन्हा ओळखीवर सोडून देतं. पानवाला ओळखीचा असेल तर ठेवतो. चहावाला वीस रुपये घेऊन ठेवतो, पावती नाही. देवस्थानाच्या गावी हार-प्रसादाच्या दुकानात "इथून प्रसाद घ्या, चपला-बॅग फुकट ठेवा" असतंच. हल्ली मोबाइलवरून नोंदवायच्या सेवाही निघाल्यात, आसपासच्या दुकानात बॅग ठेवून घेतात. चांगली सोय आहे, पण ती ज्याला ॲप जमतं त्याच्यासाठी. मामांना ओटीपी वाचून दाखवायला अजून मामी लागतात.

म्हणजे दीडशे वर्षं फिरून आपण पुन्हा कुडीच्या दारात आलो. ओळख असेल तर पेटी ठेव. फक्त आता गावाच्या जागी पैसा आणि मोबाइल आला.

लॉजवाल्यांनाही एक सांगायचं आहे. "सामान मालकाच्या जबाबदारीवर" ही पाटी लावली की सुटलो असं समजू नका. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलात 1998 साली पाहुण्याची गाडी पार्किंगला घेतली आणि ती चोरीला गेली. चिठ्ठीवर मालकाची जबाबदारी असं छापलेलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, 2019 साली निकाल लागला. ताब्यात घेतलेल्या गाडीबाबत हॉटेलचा स्वतःचा निष्काळजीपणा अशा छापील ओळीने झाकला जात नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तत्त्व तेच, कलम 151 चं. त्यामुळे लॉजवाला घाबरून "ठेवतच नाही" म्हणतो हे मला कळतं. पण म्हणूनच हे ओझं एकट्या लॉजवाल्यावर टाकून चालणार नाही. हे सार्वजनिक काम आहे, पिण्याच्या पाण्यासारखं, मुतारीसारखं.

मागण्या फार मोठ्या नाहीत. जिल्ह्याच्या मोठ्या एसटी स्थानकांवर सामानघर. मोठ्या सरकारी रुग्णालयांबाहेर आणि मंत्रालयाजवळ एक. परीक्षा केंद्रांवर निदान त्या दिवसापुरती खोली, एक माणूस आणि नंबरचे बिल्ले. स्कॅनर, कॅमेरा, छापील पावती, आणि दर पाटीवर लिहिलेला. चालवायला महिला बचत गटांना द्या, चार जणींना रोजगार मिळेल. 2027 चा नाशिकचा सिंहस्थ समोर आहे. लाखो लोक गाठोडी घेऊन गोदाकाठी येणार. त्यांच्यासाठी रस्ते होतील, पूल होतील. गाठोडं ठेवायची जागा आराखड्यात आहे का, हे नगरसेवकाला, आमदाराला आत्ताच विचारायला हवं.

वारीचं उदाहरण घ्या. आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत माणसं चालतात, कारण दिंडीचा ट्रक त्यांच्या वळकट्या घेऊन पुढे गेलेला असतो. संध्याकाळी तळावर आपली वळकटी मिळणार याची खात्री असते, म्हणून दिवसभर टाळ वाजवता येतो. आपल्याला हे जमत नाही असं नाही.

*

मामांचं पुढे काय झालं ते सांगतो.

मी फोनवरून त्यांना सीएसएमटीच्या क्लोकरूमला पाठवलं. पहिल्या खेपेला ते परत आले. बॅगेला कुलूप नव्हतं आणि बिनकुलपाची बॅग तिथे घेत नाहीत. याज्ञवल्क्यच म्हणायचा, बंद असेल तरच उपनिधी. बाहेर फुटपाथवर एक छोटं कुलूप घेतलं, दोन्ही चेनच्या कड्यांतून अडकवलं, पुन्हा रांगेत. तिकीट दाखवलं, ओळखपत्र दाखवलं, पैसे भरले, पावती मिळाली.

त्यानंतर मामांचा आवाजच बदलला. दुपारी मंत्रालयात गेले. कागद काही सुटला नाही, "पुढच्या आठवड्यात या" मिळालं. पण तिथून रिकाम्या हाताने चालत ओव्हल मैदानावर गेले, पोरांचं क्रिकेट बघत बसले. मग राजाबाई टॉवर बघितला. 1974 साली शाळेची सहल घेऊन आलेले तेव्हा पोरं मोजण्यात सगळा वेळ गेला होता, म्हणाले, आज पहिल्यांदा मान वर करून बघितला.

रात्री गाडीत बसल्यावर फोन आला. "बॅग मिळाली रे. जशीच्या तशी."

"बरं झालं मामा. जागा मिळाली ना नीट?"

"मिळाली. आणि ऐक, ती पावती त्यांनी परत घेतली. मला ठेवायची होती."

तुमच्या गावच्या एसटी स्थानकावर सामान ठेवायची सोय आहे का? चालू आहे की कुलूप आहे? खाली लिहा, गावाच्या नावासकट. यादी करून परिवहन खात्याला पाठवायचा विचार आहे. मामांना पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचंय.